वीजवाहिनीजवळच्या झाडांची छाटणी : एका खासगी पथकाच्या कामाचे परीक्षण

पुण्याच्या दक्षिण भागात, टेकडीच्या पायथ्याशी आमची चौदा बंगल्यांची सोसायटी आहे. तिच्या पूर्वेकडील कुंपणालगत ११ किलोव्होल्टची उघडी वाहिनी जाते, कोपऱ्यावर डीपी, म्हणजे वीज घरगुती दाबावर आणणारा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्या डीपीपासून निघालेल्या लघुदाबाच्या, म्हणजे बोलण्यात ज्यांना आपण एलटी म्हणतो त्या तारा आतल्या रस्त्याने घरोघर पोचतात. या दोन वाहिन्यांच्या आसपास आमची नऊ झाडे येतात : दोन गुलमोहर, एक जुना वर्षावृक्ष, तीन सप्तपर्णी, एक सोनमोहर, एक आंबा आणि एक नारळ. या झाडांचे काम आम्ही गेल्या मे महिन्यात एका खासगी पथकाकडे सोपवले. छाटणी चांगली झाली की वाईट, हे छाटणीच्या दिवशी कळत नाही, ते पुढच्या फुटव्यावरून कळते. म्हणून पावसाळा संपेपर्यंत मी हे परीक्षण लिहायचे थांबलो होतो. पथकाच्या चालकाचे नाव त्याच्याच विनंतीवरून येथे देत नाही, कारण पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांत हाती आहे तेवढेच काम त्याच्याने पुरे होत नाही. तरीही अशी सेवा घेताना काय पाहावे आणि कशासाठी पैसे मोजावेत, एवढे या अनुभवावरून निश्चित सांगता येईल. माझी एकतीस वर्षांची नोकरी साखर कारखान्याच्या विद्युत विभागात झाली, त्यामुळे माझी नजर झाडापेक्षा तारेकडे अधिक जाते, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी हेच काम आम्ही दुसऱ्या एका ठेकेदाराकडून चौदा हजार रुपयांत करून घेतले होते. त्याच्या माणसांनी दोन्ही गुलमोहर एका उंचीवर सरसकट उडवले आणि झाडांचे अक्षरशः खांब करून ठेवले. त्या दिवशी सोसायटीत सगळे खूश होते, कारण तारा स्वच्छ दिसत होत्या. पण झाडाचा शेंडा असा बोडका केला की प्रत्येक छाटाभोवती सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून सरळसोट धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. हे धुमारे साध्या फांदीपेक्षा वेगाने वाढतात आणि खोडाच्या गाभ्याशी नव्हे, तर वरवरच्या थराशीच जोडलेले असल्यामुळे वाऱ्यात सहज निखळतात. आमच्या गुलमोहरांचे धुमारे दिवाळीपूर्वीच तारेपर्यंत पोचले होते. पुढच्या वर्षी वळवाच्या पहिल्याच वादळात त्यांतला एक एलटीच्या दोन तारांवर आडवा पडला, तारा एकमेकींवर आदळल्या आणि तीन घरांतील उपकरणे जळाली. स्वस्तातली छाटणी आम्हाला कितीला पडली, याचा हिशेब फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या बिलासकट मी सर्वसाधारण सभेत मांडला, तेव्हा कुठे यंदाच्या साडेअडतीस हजारांच्या दरपत्रकाला मंजुरी मिळाली.

या दरपत्रकाने माझे मत पहिल्यांदा अनुकूल केले. बहुतेक ठेकेदार ‘नऊ झाडे, एकूण रक्कम अमुक’ एवढेच लिहून देतात. येथे प्रत्येक झाडापुढे कोणत्या बाजूच्या किती फांद्या काढायच्या, कोणत्या ठेवायच्या, वीज बंद करावी लागेल की नाही आणि फांद्या दोराने उतरवाव्या लागतील की सोडून देता येतील, हे स्वतंत्रपणे लिहिलेले होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याखाली झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला इजा करणेही येते. त्यामुळे फांद्यांच्या छाटणीसाठीसुद्धा महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. आमचा वर्षावृक्ष त्या वयाच्या जवळपास असावा, अशी शंका पथकाच्या मुकादमाने स्वतःहून काढली आणि अर्जात त्या झाडाची छायाचित्रे व खोडाचा घेर वेगळा द्यायला लावला. परवानगी हातात पडेपर्यंत त्याने कामाची तारीख दिली नाही, आगाऊ रक्कमही घेतली नाही.

आता मुख्य भागाकडे येतो. वीज बंद करणे हे ठेकेदाराचे काम नाही. ते वीज कंपनीचेच. त्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि ठरलेले शुल्क भरावे लागते. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे आम्हालाही गुरुवारच मिळाला : सकाळी दहा ते दुपारी तीन. पथक साडेनऊलाच हजर झाले, दोर बांधून तयार होते, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी घरांतले पंखे थांबले. आमच्यापैकी चार-पाच जणांनी लगेच ‘गेली, गेली, करा सुरू’ असा घोष केला. मुकादम मात्र जागचा हलला नाही. तो मला म्हणाला, “काका, पंखा थांबला म्हणजे तार मेली असं नाही. लाइनमन येऊन शॉर्ट करून देतील, मगच माझा पोरगा वर जाईल.”

पुढची चाळीस मिनिटे काहीही कापले गेले नाही, आणि माझ्या मते आम्ही दिलेल्या पैशांतले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे त्या चाळीस मिनिटांचे होते. लाइनमनने खांबावरचा एबी स्विच उघडून वाहिनीचा पुरवठा तोडला, डीपीचे तिन्ही डीओ, म्हणजे काढता येणारे फ्यूज, काढून खाली आणले, स्विचच्या दांडीला कुलूप लावले आणि ‘काम चालू आहे, सप्लाय चालू करू नये’ ही पाटी अडकवली. नंतर डिटेक्टरने तिन्ही फेज तपासले, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडल्या; मुकादम ‘शॉर्ट करणे’ म्हणत होता ते हेच. दोन्ही बाजूंना का, हे विचारणाऱ्या आमच्या एका तरुण सभासदाला मुकादमानेच उत्तर दिले : वीज एका बाजूने बंद केली, तरी दुसऱ्या बाजूने ती येणारच नाही, असे धरून चालता येत नाही. त्यानंतर तो घरोघर फिरला आणि कोणाकडे जनरेटर आहे, कोणाच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत, याची चौकशी करून आला. दोन घरांचे मेन स्विच त्याने मालकांकडून पाडून घेतले. ही फेरी बऱ्याच जणांना फाजील काळजीची वाटली. ती तशी नव्हती. चेंजओव्हर स्विच, म्हणजे जनरेटर आणि बाहेरची वीज एका वेळी जोडू न देणारा स्विच, न बसवता जोडलेला जनरेटर चालू झाला, तर त्याची वीज एलटी तारांवरून उलटी डीपीत शिरते, आणि घरच्या बाजूचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन ‘बंद’ म्हणून सोडलेल्या तारेवर प्रकट होतात. वायरमन लोक याला रिटर्न सप्लाय म्हणतात. खांबावर चढणाऱ्या प्रत्येकाला त्याची धास्ती असते. झाडावर चढणाऱ्यालाही ती असलेली मी प्रथमच पाहिली.

वर्षावृक्षाची एक फांदी, मांडीएवढी जाड, ११ किलोव्होल्टच्या तारांकडे आडवी वाढत गेली होती. पूर्वीच्या ठेकेदाराने ती मध्येच तोडून ठुंठ ठेवले असते. या पथकातील तरुण कमरेला पट्टा बांधून वर गेला, त्याने आधी फांदीच्या टोकाकडचा भार तीन तुकड्यांत हलका केला, प्रत्येक तुकडा वरच्या बेचक्यातून टाकलेल्या दोराला बांधून हळूहळू खाली झुलवला, आणि मग उरलेल्या भागाला खोडापासून हातभर अंतरावर खालच्या अंगाने करवतीचा छेद दिला. त्या छेदाच्या किंचित पुढे वरून कापले, तेव्हा फांदी सुटली, पण खोडाची साल सोलवटून खाली आली नाही. साल वाचवणे हाच त्या खालच्या छेदाचा हेतू असतो. शेवटी राहिलेले ठुंठ त्याने खोडाला अगदी घासून कापले नाही, तर फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या कडेने कापले. जखम भरून काढणारी ऊती त्या कंगोऱ्यातच असते. तो गेला की छाट वर्षानुवर्षे उघडा राहतो, आत पाणी मुरते, कूज धरते आणि दहा वर्षांनी तीच फांदी नव्हे, तर सबंध खोड धोकादायक ठरते. ऑक्टोबरमध्ये मी हा छाट शिडीवरून पाहिला, तेव्हा त्याच्याभोवती नव्या सालीची गोल कडी धरू लागली होती.

गुलमोहरांच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीचे पाप निस्तरायचे होते. प्रत्येक खांबावर वीस-पंचवीस धुमारे होते. मुकादमाने त्यांतले तारेपासून दूर जाणारे, चांगले बुड धरलेले तीन-चार निवडून ठेवले आणि बाकीचे काढले. झाड आता थोडे लंगडे दिसते, पश्चिमेकडे झुकलेले वाटते. काही सभासदांना ते रूप पसंत नाही. पण तारेजवळच्या झाडाची वाढ रोखता येत नाही, तिला वळणच लावावे लागते, आणि वळण लावलेले झाड गोल दिसणार नाही. सोनमोहराचे काम किरकोळ होते, ते अर्ध्या तासात झाले.

किती अंतर मोकळे ठेवायचे, यावर आमच्या सभेत बरीच वादावादी झाली होती. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत तार आणि झाड यांमधील किमान अंतर ११ किलोव्होल्टला २.६ मीटर, ३३ किलोव्होल्टला २.८ मीटर आणि १३२ किलोव्होल्टला ४ मीटर असे दिलेले आहे. आमची जागा वन नाही, तरी मोजमापाला आधार म्हणून हे आकडे उपयोगी पडले. येथे ‘किमान’ या शब्दावर भर द्यायला हवा, कारण छाटणीच्या दिवशी २.६ मीटर ठेवले, तर पुढच्या पावसाळ्यात ते उरत नाही. गुलमोहर वर्षाला मीटर-दीड मीटर सहज वाढतो. शिवाय तारही स्थिर नसते. उन्हाने आणि विजेच्या भाराने ॲल्युमिनियमची तार तापली की लांबते आणि दोन खांबांच्या मध्यावर खाली झुकते. वाऱ्यात ती आडवीही झुलते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या वाहिन्या अशाच झुकून वेळेवर न छाटलेल्या झाडांना भिडल्या, आणि त्यातून सुरू झालेल्या बिघाडाने अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. आपल्या ११ किलोव्होल्टच्या वाहिनीवर दुखणे वेगळ्या रूपाने येते. ओली फांदी तारेला टेकली, तरी तिच्यातून जमिनीकडे जाणारा प्रवाह पुष्कळदा इतका थोडा असतो की उपकेंद्रातील रिलेला, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाला, तो दोष म्हणून जाणवतच नाही. वीज जात नाही, फांदी नुसती धुमसत राहते, तारेवर ठिणग्या पडतात आणि तार एकाच जागी खाल्ली जाऊन एके रात्री तुटते. म्हणून ‘आमच्याकडे वीज तर जात नाही’ हा छाटणी न करण्याच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. मुकादमाने गुलमोहराला साडेतीन मीटर आणि सावकाश वाढणाऱ्या आंब्याला तीन मीटर अंतर ठेवले, आणि तारा जमिनीशी जोडलेल्या असतानाच टेप लावून आम्हाला ते मोजून दाखवले.

आंब्याचा प्रश्न नाजूक होता. ज्यांच्या अंगणात तो आहे त्या आजींचे म्हणणे असे की झाड आधीचे आहे आणि तारा नंतर आल्या, तेव्हा झाडाने का सोसावे. त्यांचा मुद्दा कायद्यालाही अपरिचित नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ प्रमाणे वाहिनीला अडथळा करणारे झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने काढता येते, पण झाड वाहिनीच्या आधीचे असेल, तर मालकाला भरपाई देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आमच्याकडे गोष्ट तिथवर गेली नाही. मुकादमाने आजींना खुर्ची आणून झाडाखाली बसवले, प्रत्येक फांदीला काठी लावून “ही काढू का, आजी?” असे विचारले, आणि पाच फांद्यांपैकी तीन काढण्यावर तोड निघाली. सोनमोहराच्या बेचक्यात कावळ्याचे घरटे होते. ती फांदी तारेपासून चांगली दूर असल्याने त्याने तशीच ठेवली. घरटे झाडाच्या मधोमध असल्यामुळे पाऊस बरा होणार, असे भाकीतही त्याने फुकटात केले.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्याही आहेत. वर चढणाऱ्याला शिरस्त्राण आणि पट्टा होता. खाली दोर धरणारे तिघे मात्र चपलांवर आणि उघड्या डोक्याने वावरत होते. फांद्या डोक्यावर येतात त्या खालच्यांच्याच, वरच्याच्या नव्हे. चेन सॉ दोन्ही हातांनी धरायची असते, पण त्या तरुणाने निदान दोनदा ती एका हाताने चालवलेली मी पाहिली. मी ओरडलो, तेव्हा मुकादमानेही त्याला झापले, परंतु झापण्याआधी पाहिले मी होते. एका सप्तपर्णीवर वीतभर ठुंठ राहून गेले. दुसऱ्याच दिवशी कळवूनही ते काढायला माणूस अकराव्या दिवशी आला. सर्वांत मोठी तक्रार कचऱ्याची. दरपत्रकात फांद्या उचलण्याच्या तीन टेम्पो-फेऱ्या धरल्या होत्या. चौथी लागली, तिचे दोन हजार वेगळे मागितले गेले, आणि त्यावर बोलणी चालू असताना सप्तपर्णीचा चीक गळणारा ढीग चार दिवस फाटकापाशी पडून राहिला. अनुभवी माणसाचा अंदाज एका फेरीने चुकणे समजू शकते, पण चुकीचा भार ग्राहकावर टाकायचा असेल, तर तसे आधी लिहिलेले असले पाहिजे. अखेर आम्ही एक हजार दिले. छाटांवर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट सरसकट लावली होती. बागाईतदारांत ती सवय मुरलेली आहे, आणि तिने अपाय झालेला मला दिसला नाही, पण कंगोरा राखून केलेल्या छाटाला तिची फारशी गरजही नव्हती, असे माझे मत आहे.

नारळाला पथकाने हातच लावला नाही, आणि यावरून त्यांच्यावर सर्वांत जास्त टीका झाली. हा नारळ थेट एलटी तारांखाली उभा आहे आणि त्याच्या झावळ्या तारांना टेकतात. ‘नऊ झाडांचे पैसे घेऊन आठच केली’ असे म्हणणाऱ्यांनी दरपत्रक वाचले नव्हते. त्यात नारळापुढे ‘छाटणी करणार नाही, रक्कम शून्य’ असे स्पष्ट होते. कारणही योग्यच होते. नारळाला वाढीचा डोळा एकच, तोही शेंड्यात असतो. त्याला बाजूने वळण लावता येत नाही आणि शेंडा कापला की झाड मरते. झावळ्या काढल्या, तर काही महिन्यांत नव्या येतात आणि पुन्हा तारेत शिरतात. तेथे दोनच मार्ग उरतात : तेवढ्या पट्ट्यात उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारांची एबी केबल टाकून घ्यायची, किंवा रीतसर परवानगी घेऊन झाड काढायचे आणि त्या जागी तगर, पारिजातक, कुंती अशी बेताच्या उंचीची झाडे लावायची. जे काम करून उपयोग नाही ते करून पैसे घ्यायचे नाहीत, हा बाणा मला या व्यवसायात क्वचितच आढळला आहे.

पावसाळ्यात आमच्या झाडांमुळे एकदाही वीज गेली नाही. दोनदा गेली, ती शेजारच्या गल्लीतील सुबाभूळ तारांवर पडल्याने. तेव्हा याचे सगळे श्रेय छाटणीला देताना यंदा आमच्या भागात मोठे वादळ झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी खालून अंदाजाने पाहिले, तेव्हा गुलमोहराचे नवे फुटवे हातभरापेक्षा थोडे जास्त वाढलेले होते आणि बहुतेक पश्चिमेकडेच वळलेले होते. तारेच्या बाजूला जे आले होते ते करंगळीएवढे बारीक होते. मुकादमाचे म्हणणे, पुढची फेरी मेमध्ये न करता फेब्रुवारीत करावी; तेव्हा झाडाची वाढ मंद असते, घरटी कमी असतात आणि वीज बंद ठेवण्याची तारीखही लवकर मिळते. आम्ही फेब्रुवारी ठरवली आहे, आणि या वेळी कचऱ्याच्या फेऱ्यांची संख्या व खाली उभ्या राहणाऱ्यांची शिरस्त्राणे या दोन्ही गोष्टी दरपत्रकात लिहून घेतल्या आहेत. नारळाचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आहे. त्याच्या मालकांनी तोवर खालच्या दोन झावळ्या स्वतः आकडीने ओढून काढण्याचा विचार बोलून दाखवला होता, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन ती लोखंडी आकडी मागून आणली आणि ती सध्या माझ्या माळ्यावर आहे.